हलका कॅमेरा

मुस्तफाभाईंनी काउंटरवर पिवळं फडकं पसरलं आणि त्यावर तो नवा कॅमेरा अलगद ठेवला, तेव्हा हेमांगीनं तो उचलला नाही. नुसती बघत राहिली.

"घ्या की हातात, मॅडम," मुस्तफाभाई म्हणाले. "नाशकात पहिला तुम्हालाच दाखवतोय."

"वजन किती आहे याचं?"

मुस्तफाभाईंना वाटलं, ती थट्टा करतेय. ते हसले. मीही हसलो. इतक्या वर्षांत हेमांगीनं कॅमेऱ्याबद्दल काय काय विचारलं असेल, पण वजन कधी विचारलं नव्हतं. लग्नसराईत दोन कॅमेरे गळ्यात, कमरेला लेन्सचा पट्टा, अशी ती सकाळच्या देवकापासून रात्रीच्या वरातीपर्यंत उभी असायची. आमच्या घरातला गॅसचा सिलिंडरसुद्धा तीच हलवायची. मी भूगोल शिकवणारा माणूस, मला पाठीचं दुखणं.

"तुम्ही उचलून बघा ना," ते म्हणाले.

तिनं दोन्ही हातांनी कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला. उजवं बोट बटणावर गेलं. मग तिनं तो लगेच खाली ठेवला.

"नको. याहून लहान काय आहे?"

"लहान म्हणजे ते नवीन आलेत ते, आरसा नसलेले. पण मॅडम, ते खेळणं आहे. कॉलेजची पोरं घेतात."

"खेळणंच दाखवा."

मला राग आला. स्कूटरवर बसल्यावर म्हणालो, "अगं, दहा वर्षं फ्रान्स फ्रान्स करतेयस. निघायची वेळ आली तर पोरांचं खेळणं घेऊन जाणार?"

"हलकं बरं पडतं," ती मागून म्हणाली. "वय झालं आता."

तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती.

फ्रान्सचं वेड तिला एका लग्नात लागलं. ओझरजवळच्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी तिकडे वाइन बनवायला शिकायला गेली आणि तिकडचाच मुलगा पसंत करून आली. लग्न इकडे, बागेतच. फोटो अर्थातच हेमांगीकडे. नवऱ्याकडून एक आजीबाई आल्या होत्या, हातात काठी, डोक्यावर गवताची टोपी. दिवसभर त्या नवरानवरीऐवजी हेमांगीकडेच बघत होत्या. निघताना नव्या सुनेला दुभाषी करून त्यांनी सांगितलं, की ही बाई उजेडाची वाट बघते, हिला आमच्याकडे पाठव. आमच्या दक्षिणेत उजेड संध्याकाळी लवकर जात नाही, रेंगाळतो.

एवढंच. पण हेमांगीच्या मनात ते बसलं. लग्नांच्या कामात कोण वाट बघू देतं? गुरुजी पुढचा मंत्र म्हणतात, मामा मुलीला पुढे ढकलतो, उजेड असो नसो, बटण दाबावं लागतं. तिला एकदा, आयुष्यात एकदाच, कोणी घाई न करता उभं राहून फोटो काढायचे होते.

जूनअखेर निघायचं ठरलं. कामं आम्ही वाटून घेतली होती. सामान तिनं निवडायचं, जागा मी शोधायच्या. मला ते काम फार आवडलं. जेवणाच्या टेबलावर मी फ्रान्सचा मोठा नकाशा पसरून ठेवला होता आणि आम्ही दोन महिने ताटं मांडीवर घेऊन जेवलो. कुठल्या कड्यावर सूर्य कुठून उगवतो, कुठल्या खाडीत भरती केव्हा येते, हे मी रोज कॉलेजातून आल्यावर शोधायचो आणि जागेवर लाल टाचणी लावायचो.

आणि हेमांगी एकेक टाचणी काढत जायची.

"या कड्यांवर नको. वारा असतो, कॅमेरा हलतो."

"ट्रायपॉड आहे की."

"ट्रायपॉड नेत नाहीये मी."

दुसऱ्या दिवशी, "हा किल्ला नको. पहाटे चारला उठून वाळूतून चालत जायचं, कोणी सांगितलंय?"

"तूच सांगितलं होतंस. मागच्या दिवाळीत."

"मागच्या दिवाळीत सांगितलं असेल."

एकदा मात्र तिनं स्वतःहून एक टाचणी लावली. दक्षिणेला, समुद्राकाठी, कामार्ग नावाच्या दलदलीच्या भागात. मी वाकून बघितलं.

"इथे काय आहे?"

"मिठागरं."

"मिठागरं बघायला फ्रान्सला जायचं? तुझ्या उरणला काय कमी होती?"

"तिथलं पाणी गुलाबी असतं," ती म्हणाली. "आमच्या उरणच्या मिठागरावर बाबा कारकून होते, तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता. आता तिथे मीठही नाही, सगळे कंटेनर उभे आहेत."

मी ती टाचणी नीट घट्ट बसवली.

तिचा उजवा हात दुखतो, म्हणजे दुखत नाही पण जोर लागत नाही, हे मला माहीत होतं. कुकरचं झाकण ती मला लावायला सांगायची. ब्लाउजचे हूक लावायला हाक मारायची आणि मी ते चुकीचे लावले की चिडायची. आमच्या इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढून सांगितलं होतं, की मानेत नस दबलीय, वीस वर्षं गळ्यात ओझं अडकवल्यावर दुसरं काय होणार. त्यांनी गळ्याला पट्टा दिला, व्यायाम दिले. एप्रिलमध्ये ती मुंबईला एका लग्नाच्या ऑर्डरसाठी चार दिवस गेली. परत आली ती थकून. मी म्हणालो, "मान सांभाळ. फ्रान्स होईपर्यंत कामं घेऊ नकोस." ती बरं म्हणाली. तिनं इतक्या चटकन ऐकलं याचं मला नवल वाटलं, आणि समाधानही.

असे आम्ही त्या खेळण्यातल्या कॅमेऱ्यासह निघालो.

पॅरिसमध्ये आम्ही चार दिवस होतो. तिथे ती नदीकाठी खूप रमली. फोटो फार काढले नाहीत. कॅमेरा डाव्या हातावर पेलून, उजव्या हाताचं बोट बटणावर आणायची, थांबायची आणि पुष्कळदा न काढताच खाली घ्यायची. "उजेड नाही," म्हणायची. मला तर डोळे दिपवणारा उजेड दिसत होता. पण तिच्या कामात मी कधी बोललो नव्हतो.

मग आगगाडीनं दक्षिणेत उतरलो आणि एक छोटी गाडी भाड्यानं घेतली. उजव्या बाजूनं गाडी हाकताना माझी त्रेधा उडाली. चौकाचौकात हेमांगी "उजवीकडे! उजवीकडे!" ओरडायची आणि मागचे लोक भोंगे वाजवायचे. आम्ही दोघंही हसत होतो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मिठागरांवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. त्या आजीबाई खोटं बोलल्या नव्हत्या. ऊन तिरपं झालं होतं, पण जायचं नाव घेत नव्हतं. समोर मैलोन्‌मैल पाणी, आणि ते खरोखरच गुलाबी. पातळ केलेल्या कोकमाच्या सरबतासारखं. पलीकडे मिठाचे पांढरे डोंगर. लांबवर रोहित पक्ष्यांचा थवा पाण्यात उभा होता. वारा मात्र अंगातलं बळ काढून घेईल असा.

हेमांगीचा चेहरा उजळला. "लेन्स बदलते," ती म्हणाली. "हे सगळं मावायला हवं."

लेन्स बदलणं हे तिचं डोळे झाकून करायचं काम. मांडवात, धक्काबुक्कीत, अंधारात तिनं हजारदा केलेलं. एका हातानं कॅमेऱ्यावरचं लहानसं बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हातानं लेन्स फिरवायची, टक् आवाज होतो, सुटते. मी शेजारी उभा होतो. टक् आवाज झाला नाही.

तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा फिरवली. मग हात बदलले.

"दे, मी करतो."

"हात लावू नकोस."

तिचा आवाज असा होता की मी मागे सरलो. ती बांधावर खाली बसली, कॅमेरा दोन गुडघ्यांत धरला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबून उजव्या हाताचा तळवा लेन्सवर घासू लागली. बोटं वळतच नव्हती. तळव्यानं, मग मनगटानं. तिच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधला भाग मला त्या उन्हात पहिल्यांदा नीट दिसला. तिथे मांस राहिलं नव्हतं, खळगा पडला होता. दंडावर कातडीखाली काहीतरी उडत होतं, डोळ्याची पापणी फडफडते तसं.

किती वेळ ती झगडत होती सांगता येणार नाही. मला हात लावायची बंदी होती. मी वाऱ्याकडे पाठ करून तिला आडोसा केला, एवढंच. पलीकडे ते पक्षी एकदम उठले, गुलाबी पंखांचा एक लांब पट्टा पाण्यावरून सरकत गेला आणि दिसेनासा झाला. तिनं वर बघितलं. ते जाईपर्यंत बघत राहिली. मग कॅमेरा मांडीवर आडवा ठेवला.

"उदय," ती म्हणाली, "ही मान नाहीये."

"म्हणजे?"

"मज्जातंतूंचं आहे. स्नायूंना निरोप पोचवणाऱ्या पेशी मरत जातात. आधी हात. मग बाकीचं सगळं."

"कोणी सांगितलं तुला?"

"मुंबईला डॉक्टर कामेरकर म्हणून आहेत, त्यांनी. सुया टोचून तपासतात. दोन ठिकाणी केलं. दोन्हीकडे तेच."

"मुंबईला कधी गेलीस तू?" असं मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं. "ते एप्रिलमधलं लग्न?"

"लग्न नव्हतं."

मी त्या बांधावर इकडून तिकडे चालू लागलो. काहीतरी करायला हवं होतं आणि तिथे वारा आणि मीठ सोडून काही नव्हतं.

"आपण उद्याच परत जायचं," मी म्हणालो. "विमानाचं मी बघतो."

"परत जाऊन काय करायचं?"

"दुसरा डॉक्टर. दिल्लीला दाखवू. आयुर्वेद... काहीतरी असेल ना, हेमा! एवढं सगळं जग..."

"दोन डॉक्टर झाले. गोळी चालू केलीय. ती थोडं लांबवते, थांबवत नाही."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता.

"सांगितलं असतं, तर आपण आत्ता कुठे असतो?"

याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. कुठल्यातरी इस्पितळाच्या बाकावर, हातात फाइल घेऊन.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो नाही. गावातल्या एका लहानशा हॉटेलात उतरलो होतो. सकाळी हेमांगी नाश्त्याला बसली होती, तिनं स्वतःच फोनमधला नंबर काढून माझ्यापुढे सरकवला.

"बोल त्यांच्याशी. तुझं समाधान होणार नाही. पण बोल."

मी अंगणात गेलो. तिथे एक मोठं झाड होतं, त्याच्या सालीचे पापुद्रे निघालेले. त्या झाडाला टेकून मी मुंबईला फोन लावला. मला वाटलं होतं, तिकडे डॉक्टरांपर्यंत पोचायलाच तास जाईल. पण डॉक्टर कामेरकर बाईंनी स्वतः फोन घेतला.

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेवटी सांगितलं का त्यांनी तुम्हाला? बरं झालं."

"डॉक्टर, आम्ही फ्रान्समध्ये आहोत."

"मला माहीत आहे. त्या विचारूनच गेल्यात."

"मी उद्याचं तिकीट बघतो. परवा सकाळी आम्ही तुमच्याकडे..."

"कशासाठी?"

"उपचारांसाठी."

"कर्णिकसाहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "गोळी त्या तिथेही घेऊ शकतात. तुम्ही परवा आलात काय आणि महिन्यानं आलात काय, मी तेच सांगणार आहे. एक विचारते. त्यांचा डावा हात कसा आहे?"

"चांगला आहे. डाव्या हातानंच सगळं करतेय."

"चालणं?"

"व्यवस्थित."

"मग फिरा. डावा हात चांगला आहे तोवर फिरा."

"आणि मी काय करू?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी काय करायचं, ते तरी सांगा."

"त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "त्या सांगतील तेवढंच करा. फार अवघड असतं ते."

फोन ठेवून मी तिथेच उभा राहिलो. अंगणात हॉटेलची मालकीण चादरी वाळत घालत होती. तिनं माझ्याकडे बघून हसून मान हलवली आणि मीही हसून मान हलवली. असं हसता येतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आत गेलो तर हेमांगीनं टेबलावर सगळ्या लेन्स मांडून ठेवल्या होत्या.

"झालं बोलून?"

"झालं."

"मग आता ऐक. एकच लेन्स कॅमेऱ्यावर राहील. बदलायची झाली तर तू बदलायचीस. बटण मी दाबीन. नाही दाबता आलं, तर तू दाबायचंस, पण मी 'आत्ता' म्हटल्यावर. आधी नाही, नंतर नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि लांब चेहरा करून उभं राहायचं नाही."

"बरं."

"आता ही काढ आणि ती लाव. नाही, अशी नाही. ठिपक्याला ठिपका जुळव. अरे, जोर काय लावतोस, कुकरचं झाकण आहे का ते?"

त्या आठवड्यात मी तिचा सहायक होतो. अत्यंत वाईट सहायक. ती मला भर चौकात रागवायची, "आडवा धर! क्षितिज बघ! श्वास रोख!" आणि परदेशी लोक वळून बघायचे. द्राक्षमळ्यांतून, सूर्यफुलांच्या शेतांतून, डोंगरावर चिकटून बसलेल्या गावांसमोरून आम्ही हिंडलो. ती म्हणायची "थांब", आणि आम्ही थांबायचो. अर्धा अर्धा तास. कधी ती स्वतः बटण दाबायची, बोट तिथवर नेऊन, वरून दुसऱ्या हातानं दाबून. कधी म्हणायची "आत्ता", आणि मी दाबायचो, आणि ती पडद्यावर बघून म्हणायची, "उशीर केलास." मी विचारायचो, "पुन्हा काढू?" ती म्हणायची, "ढग गेला."

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेकडे निघालो. वाटेत ल प्वी नावाचं गाव लागतं. ते नकाशावर आमच्या टाचण्यांत नव्हतंच. पण रस्त्यावरून मला ते दिसलं आणि मी गाडी कडेला घेतली. गावाच्या मध्यातून काळ्या दगडाचा एक सुळका सरळ आभाळात गेला होता, आणि त्याच्या टोकावर एक चर्च.

"ज्वालामुखी!" मी म्हणालो. "हेमा, आपल्या डोंगरांसारखाच! ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला लाव्हा. भोवतालचं सगळं झिजून गेलं, हा राहिला."

मी इतक्या दिवसांनी स्वतःच्या विषयावर बोललो असेन. ती हसली. "जा मास्तर, वर जाऊन या."

"तू?"

"एवढ्या पायऱ्या? मी खाली बसते. कॅमेरा घेऊन जा. लांबची लेन्स लाव, तिला अजून हवा लागली नाहीये. वरून गावाची छपरं काढ. लाल छपरं आणि मधली काळी भिंत. सावली डावीकडे असू दे."

सुळक्याच्या पायथ्याशी, रस्त्यापलीकडे एक झाड आणि त्याखाली बाक होता. तिला तिथे बसवलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल करून ती बाटली तिच्या डाव्या बाजूला ठेवली. ती म्हणाली, "जा आता. मी काही लहान नाहीये."

दगडात कोरलेल्या पायऱ्या वळत वळत वर जातात. मी धापा टाकत चढलो. वर पोचलो तेव्हा खूप बरं वाटलं, ते मी नाकारणार नाही. वारा होता, खाली लाल छपरांचं गाव पसरलं होतं. मी कठड्याशी उभा राहिलो, कॅमेरा आडवा धरला, क्षितिज बघितलं, श्वास रोखला. छपरं काढली. मग लेन्स हळूहळू खाली आणत, ती कुठे दिसतेय का, ते शोधू लागलो. रस्ता सापडला. झाड सापडलं. मग ती.

त्या लेन्सनं ती इतकी जवळ आली की तिच्या ओढणीवरची नक्षी दिसत होती. मी हात हलवणार होतो. पण ती वर बघत नव्हती. खाली बघत होती.

बाटली पडली होती. बाकाच्या पायाशी, तिच्या चपलेजवळच. पाणी थोडं सांडलं होतं, जमीन ओली दिसत होती. हेमांगी वाकली. तिनं डावा हात खाली नेला, बाटलीवर ठेवला. बोटं वळली. बाटली थोडी उचलली गेली आणि निसटली.

तिनं पुन्हा डावा हात नेला. मी बघत होतो. उजवा नव्हे, डावा. बोटं बाटलीभोवती गेली, पण मिटली नाहीत. बाटली घरंगळली, पुन्हा पायाशी येऊन थांबली. तिनं दोन्ही तळव्यांत ती धरायचा प्रयत्न केला, थोडी वर आणली, गुडघ्यापर्यंत, आणि सोडली.

बाकाजवळून एक जोडपं गेलं. कुत्र्याला घेऊन चाललेला एक माणूस गेला. नुसतं "अहो" म्हटलं असतं तरी कोणीही थांबलं असतं. तिनं कोणालाही हाक मारली नाही. लोक जवळ आले की ती ताठ बसायची, सुळक्याकडे बघत असल्यासारखी मान वर करायची. ते गेले की पुन्हा वाकायची.

आणि मी वर होतो. आम्हा दोघांच्यामध्ये ते सगळे दगड होते. ओरडलो असतो तर ऐकू गेलं नसतं, आणि ऐकू गेलं असतं तर मी बघितलंय हे तिला कळलं असतं. माझं बोट बटणावर होतं. ते मी उचललं. पण डोळा लेन्सवरून काढता येईना. डॉक्टर बाई काय विचारत होत्या आणि कशासाठी विचारत होत्या, ते आता माझ्या डोळ्यांसमोर होतं.

शेवटी तिनं प्रयत्न सोडला. दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकावर एक, आणि त्यांच्याकडे बघत बसली. मग चपलेनं बाटली हळूच बाकाखाली सरकवली, पार आत, दिसणार नाही अशी.

मी पायऱ्या कशा उतरलो मला आठवत नाही. खाली आल्यावर रस्त्याच्या अलीकडे थांबलो, श्वास जागेवर येऊ दिला, तोंड पुसलं, आणि मग चालत गेलो.

"आलास? काढलेस फोटो?"

"काढले."

"दाखव."

मी तिच्या समोर पडदा धरला. तिनं नीट बघितले, एकेक. "सावली बरोबर आलीय," ती म्हणाली. "क्षितिज वाकडं आहे. पण बरे आहेत. हा तर चांगला आहे." मग म्हणाली, "मी दिसत होते का वरून?"

"नाही," मी म्हणालो. "मध्ये झाड येत होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या शेजारी बसलो. समोर तो काळा सुळका होता आणि त्यावर माणसं मुंग्यांसारखी चढत होती. तिचे ओठ सुकले होते. बाटली आमच्या दोघांच्या मागे, बाकाखाली होती, आणि मला ती कुठे आहे ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"फार तहान लागलीय," मी म्हणालो. "पायऱ्यांनी जीव काढला. पाणी कुठे गेलं?"

"खाली गेली बघ बाटली."

मी वाकून बाटली काढली. निम्मं पाणी होतं. दोन घोट प्यायलो. मग सुळक्याकडेच बघत, तिच्याकडे मान न वळवता, बाटली तिच्या तोंडाजवळ नेली आणि धरून ठेवली.

खूप वेळ काही झालं नाही. माझा हात दुखायला लागला. मग बाटलीला तिचा ओठ लागल्याचं मला जाणवलं. मी ती थोडी तिरपी केली. ती प्यायली. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळून ओढणीवर पडलं. ते मी पुसलं नाही, तिनं सांगितलं नव्हतं.

"अजून," हेमांगी म्हणाली.

त्यानंतर ती तीन वर्षं होती.